पाव किलो चिंच आणि चौदा बंदुका

सांगू की नको, असं अजूनही होतं. पण चहा ओतलाच आहे तर ऐका. माझ्या हातून असा एक प्रताप झालाय की तो शारजातल्या एका बड्या घरात काचेच्या कपाटात ठेवलाय.

मी नववीत शाळा सोडली आणि वडिलांचा रंधा हातात घेतला. आता शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका वर्कशॉपमध्ये सुतार आहे. काम बरं करतो, पण बोलायची बोंब. समोर मोठा माणूस आला की माझी मान आपोआप होकारार्थी हलायला लागते. प्रश्न कुठलाही असो.

आमचे प्रधान सर माझ्या अगदी उलट. अबुधाबीत अल रीम आयलंडवर एकतिसाव्या मजल्यावर राहतात आणि बोलतातही तिथूनच. ते डिझाइन करतात, मी लाकूड कापतो. त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, की हे अबू हमदचं काम नीट झालं तर तुला फोरमन करतो. मी त्याच दिवशी आईला फोन करून टाकला. एवढी घाई कशाला होती? पण केला.

अबू हमद म्हणजे सत्तरीचे अरब गृहस्थ. आमच्यापेक्षा झकास हिंदी बोलतात. घरात आजोबांच्या वेळच्या चौदा बंदुका, रीतसर परवान्यासह. लांबलचक नळ्या, पितळी पट्टे, सगळं काळवंडलेलं. त्यांना मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, कपाट हवं होतं. पण बंदुका कुठल्या हिशोबाने मांडायच्या ते ठरत नव्हतं.

सर म्हणाले, "थीमशिवाय कलेक्शन म्हणजे भंगार." हे ते क्लायंटच्या तोंडावर म्हणाले बरं का! मग लॅपटॉप उघडून चाळीस स्लाइड दाखवल्या. देशानुसार बंदुका. शतकानुसार बंदुका. लढायांनुसार बंदुका. एका स्लाइडवर नुसतं 'लेगसी' लिहिलं होतं आणि मागे उगवता सूर्य.

प्रत्येक स्लाइडला अबू हमद कॉफीचा घोट घेऊन म्हणायचे, "इन्शाल्ला." सर खूश. इथे येऊन मला तीन वर्षं झाली होती, सरांना बारा. पण असा तोंडभरून म्हटलेला इन्शाल्ला म्हणजे गोड शब्दांतला नकार, हे मला कळत होतं, त्यांना नव्हतं.

तेवढ्यात अबू हमद माझ्याकडे वळले. मी टेप घेऊन भिंत मोजत होतो.

"तुम बोलो, नज्जार. कैसे रखें?"

नज्जार म्हणजे सुतार. मला आजवर कोणी असं विचारलेलं नव्हतं. काहीतरी बोलून सुटका करून घ्यावी म्हणून म्हटलं, "साब, जैसे है वैसेच रख दो."

अबू हमदनी कप खाली ठेवला. दोनदा मान डोलावली. "खलास," म्हणाले, म्हणजे ठरलं. "यही थीम है. जैसे मेरे दादा ने छोड़ा, वैसे."

गाडीत बसल्यावर सर कडाडले, क्लायंटसमोर तोंड उघडायला तुला कोणी सांगितलं? पण हमरियाला पोचेपर्यंत ती थीम त्यांची झाली होती. फोनवर कुणाला तरी सांगत होते, "आपला अ‍ॅप्रोच मिनिमल आहे."

आता खरी गंमत अशी की थीम म्हणजे काय, हे मला ठाऊकच नव्हतं! मला वाटलं, कपाटाच्या डिझाइनचं नाव असेल काहीतरी. म्हणजे थीम दिली मी, आणि ती न कळलेला घरात एकटा मीच.

कपाट बसवायला गेलो तो दिवस नेमका खंडेनवमीचा. आमच्याकडे या दिवशी वडील रंधा, करवत, पटाशी सगळं धुऊन पुसून मांडतात, हळदकुंकू वाहतात. आई आदल्या दिवशीच चिंच लावून पितळेची भांडी घासून काढते. काळं पितळ पूजेला ठेवलं तर ती दिवसभर बोलत नाही. आणि इथे माझ्यासमोर चौदा शस्त्रं, वर्षानुवर्षांच्या काजळीची! मला त्यांची दया आली हो. बर दुबई भागातल्या देवळाच्या गल्लीतून आदल्या संध्याकाळी आणलेली पाव किलो चिंच आणि झेंडूची फुलं पिशवीत होतीच. खोलीवर माझ्या हत्यारांची पूजा करायची होती ना.

अबू हमद बाहेर गेले होते. त्यांचा मुलगा हमद लक्ष ठेवायला बसला होता, म्हणजे मोबाइलवर. मी भीत भीत एक पट्टा घासला. सोन्यासारखा निघाला! हमदने एकदाच मान वर केली आणि म्हणाला, "नाइस, ब्रो."

संपलं. मालकाच्या मुलाची परवानगी मिळाली.

एक चकचकीत झाली की शेजारची घाणेरडी दिसते. म्हणून दुसरी. मग तिसरी. दुपारपर्यंत चौदाही बंदुका समईसारख्या लखलखत होत्या. सगळ्यात जुन्या बंदुकीच्या दस्त्यावरच्या पितळी पत्र्यावर एक मोठा काळा डाग होता, तो काही केल्या हटेना. त्याच्यावर मी पाऊण तास घालवला. शेवटी प्रत्येकीला एक झेंडू वाहिला आणि हात जोडून उभा राहिलो.

अबू हमद आणि प्रधान सर एकदमच आत आले.

अबू हमद हळूहळू सगळ्यात जुन्या बंदुकीपाशी गेले. फूल उचलून बाजूला ठेवलं. पत्र्यावरून बोट फिरवलं.

"इधर एक काला निशान था," ते म्हणाले.

मला वाटलं, शाबासकी येतेय! जन्मात पहिल्यांदा मी न अडखळता बोललो. "हाँ साब. सबसे जिद्दी वोही था. पौना घंटा लगा, पर निकाल दिया."

"वो मेरे दादा का हाथ था," अबू हमद म्हणाले. "चालीस साल इधर ही पकड़ा."

फोरमनकी गेली, नोकरी गेली, पुढचं विमान कधी आहे, एवढंच डोक्यात. सर मात्र सावरले. लगेच म्हणाले, "सर, धिस इज अ‍ॅक्च्युअली अ थीम. बिफोर अँड आफ्टर!"

अबू हमदनी त्यांच्याकडे बघितलं. "इन्शाल्ला."

मग त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, पोलीस. पण त्यांनी माझा तळवा त्या चकचकीत पत्र्यावर दाबून ठेवला.

"तुमने निकाला, तुम लाओ. हर जुम्मा इधर आओ, पकड़ के बैठो. तुम जवान है. चालीस साल कुछ नहीं."

मला वाटलं चेष्टा आहे. शुक्रवारी गाडी न्यायला आली!

आता दर शुक्रवारी मी मजलिसमध्ये ती बंदूक धरून बसतो. पाहुणे येतात, कपाटातल्या तेरा चकचकीत बंदुका बघतात, मग चौदावी बघायला माझ्याकडे येतात. सर माझा फोटो त्यांच्या स्लाइडमध्ये घालतात, खाली 'लेगसी' लिहून. आठ महिने झाले. अजून पत्र्यावर साधी करंगळी उमटलेली नाही.

परवा आईने फोनवर विचारलं, झालास का रे फोरमन?

म्हटलं, आई, त्याच्याही वरचं मिळालंय. चाळीस वर्षांची पक्की नोकरी, आणि बसून काम आहे.