पाणी मागणारी कॅसेट

धामणगाव बढ्यात आमचं जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून द्यायचं दुकान आहे. गिऱ्हाईक कॅसेट घेऊन जातं, किस्सा मात्र आमच्याकडेच ठेवून जातं. आता किस्से ठेवायलाही जागा उरली नाही!

माझे भागीदार सुधाकरभाऊ, जुने रेडिओ मेकॅनिक. एका आजोबांना ते समजावत होते, "कॉम्प्युटर एका सेकंदात हजारो डाव आवाज मोजते, अन् आकडे लिहून ठेवते."

आजोबांनी विचार केला. "मंग दोन मोजण्याच्या मधातला आवाज?"

"तो नाही घेत."

"काऊन? पैसे त पुऱ्या कॅसेटचे घेऊन राह्यले ना?"

सुधाकरभाऊंनी त्यांना दहा रुपये कमी केले.

*

सुरुवातीला कॉम्प्युटरमधली जागा वाचवायची म्हणून मी सेकंदाला मोजण्या कमी ठेवायचो. अशाने आवाजातलं बारीक, किणकिणतं तेवढं गळतं, हे मला एका काकूंनी शिकवलं. त्यांनी लग्नाआधी जात्यावर म्हटलेल्या ओव्यांची कॅसेट होती. ऐकता ऐकता त्या एकदम थांबल्या.

"माह्या बांगड्या कोनं काढल्या?"

शेजारी काका बसले होते. ते म्हणाले, "मी जित्ता हावो अजून."

मोजण्या मी त्याच दिवशी वाढवल्या.

*

आकडे मात्र जाडेभरडे, ढोबळच ठेवले. भाऊ रोज बजावायचे, "किलोच्या मापानं मोजशील त चिमूटभर मीठ शून्यच भरते. हळू आवाजाचं तसंच असते, बे." मी हो हो म्हणायचो आणि विसरायचो. मी तसा आळशीच.

*

मग रोहिणखेडच्या कांताबाई आल्या. त्यांचे मालक भीमगीतं गायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि त्यांच्या आवाजाची ही एकच कॅसेट उरली होती.

"गाणं संपलं का ते मले हळूच म्हणते, कांता, पाणी दे," बाई म्हणाल्या. "गाणं गेलं तरी चालीन. तेवढं जपा."

फीत पार वाळलेली होती. एकदा पूर्ण वाजली आणि तुटली. भाऊंनी जोडायला घेतली तर हातात चुराच आला.

कांताबाई स्पीकरसमोर बसल्या. गाणं खणखणीत आलं होतं, टाळ्यासुद्धा. मग गाणं संपलं आणि पुढे काहीच नव्हतं. मी आवाज पूर्ण वाढवला, तरी काही नाही. ते चिमूटभर मीठ माझ्या मापात शून्य भरलं होतं. मला बाईंकडे बघायची लाज वाटली.

कांताबाई उठल्या. कोपऱ्यातल्या माठातून ग्लासभर पाणी घेतलं आणि स्पीकरजवळ आणून ठेवलं.

"मांगतलं त्यायनं," त्या म्हणाल्या. "तुमच्या मशिनीले ऐकू नाही आलं."