नमुन्याची बाटली

आमचे बाबा कारखान्यात तेल बघायचे. यंत्रांना तेल घालायचं, ते गाळायचं आणि नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवायचा, एवढंच काम. पण घरातला थाट असा, की जणू अख्खा कारखाना त्यांच्याच जिवावर चालतो. चहाच्या गाळणीची भोकं किती मायक्रॉनची, असं ते विचारायचे. थंडीत मध बरणीतून लवकर ओघळला नाही, की "तापमान उतरलं की व्हिस्कॉसिटी वाढते," हे मला दरवर्षी नव्याने ऐकावं लागायचं. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा भेटल्यावर म्हणाले, "मुलगा चांगला आहे, पण ब्रीदर तुंबलाय." ब्रीदर म्हणजे तेलाच्या टाकीची श्वास घ्यायची जागा. नवरा बिचारा मितभाषी आहे, इतकंच.

आईचे मात्र हाल होते. धुतलेला ग्लास उजेडाकडे धरून ते कण शोधायचे. पंचवीस वर्षं तिने हे ऐकून घेतलं. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

नमुन्याच्या कोऱ्या बाटल्याही ते घरीच ठेवायचे. कारखान्याच्या स्टोअरमध्ये धूळ असते म्हणून आईचे कपडे खाली कोंबून तिच्या कपाटाचा एक कप्पा त्यांनी बळकावला होता.

मी माहेरी आले होते तेव्हाची गोष्ट. बाबा दुपारी जेवायला आले तेच तोंड पाडून. मोठ्या गिअरबॉक्सच्या तेलात पाणी सापडलं होतं. ते तेल थंड ठेवायला पाण्याच्या नळ्यांचा कूलर असतो. तो महिन्यापूर्वीच बसवला होता त्याच कारखान्यात फिटर असलेल्या माझ्या मामाने. साहेबांनी ठरवलं, की फिटरने काम नीट केलं नाही. संध्याकाळपर्यंत मामाला घरी बसवणार होते.

"तुम्ही काही बोलला नाहीत?" आईने विचारलं.

"काय बोलणार? रिपोर्ट आहे. नमुना मी स्वतः काढलाय आणि माझा नमुना चुकत नाही, असं मीच साहेबांना सांगितलं."

स्वतःच्या मेहुण्याची नोकरी घालवून आले होते आणि वर तोरा! मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई हळूच म्हणाली, "अहो, कपाटातल्या बाटल्या मी धुतल्या होत्या. तुम्हाला स्वच्छ लागतात म्हणून. झाकणं जरा लवकर लावली असतील."

बाबांचा घास हातातच राहिला. नमुन्याची बाटली कोरडी हवी, हे त्यांनी आम्हा सगळ्यांना शंभरदा सांगितलं होतं. कोरी बाटली कोणी धुवेल, हे मात्र त्यांना स्वप्नातही सुचलं नव्हतं. ते हात धुऊन तसेच निघाले.

पुढचं मामाने सांगितलं. बाबांनी सगळ्यांसमोर गिअरबॉक्सचं ताजं तेल काढलं आणि तापलेल्या पत्र्यावर थेंब टाकला. तेलात पाणी असलं की थेंब तडतडतो. हा गुपचूप पसरला. दुसरा टाकला, तोही तसाच.

"मग रिपोर्टमध्ये पाणी आलं कुठून?" साहेबांनी विचारलं.

"बाटली ओली होती. चूक माझी."

मामाची नोकरी वाचली. नमुने काढायचं काम बाबांकडून काढून घेतलं. एवढंच नाही, नव्या भरती झालेल्या पोरांबरोबर त्यांना 'नमुना कसा काढावा' या वर्गात बसायला सांगितलं. तो वर्ग इतकी वर्षं तेच घेत होते!

संध्याकाळी आई डोळे पुसत म्हणाली, "माझं नाव का नाही सांगितलंत? तुमची अब्रू तरी राहिली असती."

बाबा म्हणाले, "तुला बाटल्या धुवाव्याशा वाटल्या, त्या मी रोज टोचून बोलतो म्हणून. मग चूक कोणाची?"

"तुमचीच," आई ताबडतोब म्हणाली.

बाबांनी मान डोलावली. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा मनापासून आवडले.