दिसतं त्याच्या खाली

लग्न होऊन बुऱ्हाणपुरात आले तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजायची. माहेर असीरगडाच्या पायथ्याशी. पाणी म्हणजे विहिरीतून बादलीत येतं तेवढंच ठाऊक. पहिल्याच हिवाळ्यात राजघाटावर धुणं धुताना पायातलं जोडवं निसटलं आणि खालच्या पायरीवर जाऊन बसलं. पाणी नितळ, जोडवं टपोरं दिसत होतं. हात घातला, मूठभर पाणी. परत घातला, परत पाणी. मग ही शहाणी बाई डोक्यासकट आत गेली आणि नाकातोंडातून तापी गाळत वर आली.

हे वरच्या पायरीवर बसून पोट धरून हसत होते. "अगं, दिसतंय तिथं नाही ते. दिसतं त्याच्या खाली हात घाल." आणि माझा डावा हात घट्ट धरून ठेवला.

"आलेत मोठे पाण्याचे मास्तर!" मी फणकारले. जोडवं मात्र मिळालं.

मग आम्हाला नादच लागला. पेला पाण्यात पालथा दाबला की आतला रुमाल कोरडा राहतो, हे ह्यांनी दाखवलं. भरलेली कळशी पाण्यात असेतो तान्ह्या पोरासारखी हलकी आणि वर काढली की सासूसारखी जड, हा शोध माझा. सासूबाईंना सांगितला नाही, एवढीच अक्कल.

यंदाच्या थंडीत त्याच घाटावर ह्यांच्या अस्थी घेऊन गेलो. जोडवी आधीच उतरली होती. मला फक्त ह्यांचा चष्मा हवा होता. पण आमच्या घरात माणसाच्या रोजच्या अंगावरच्या वस्तू अस्थींबरोबर तापीला देतात. सून हळूच म्हणाली, "आई, गेलेल्या माणसाचा चष्मा घरात ठेवत नाहीत." मुलानं सोडला. जन्मभर चाललेलं माझं तोंड नेमकं तेव्हा बंद.

चष्मा पिंपळपानासारखा डोलत खाली गेला आणि पायरीवर टेकला. काचा पाण्यात दिसेनाशाच झाल्या. नुसती काळी चौकट उरली.

"काढ रे तो," मी म्हणाले. "मला हवाय."

मुलानं बाही सारून हात घातला. मूठभर पाणी.

"खाली. दिसतो त्याच्या खाली."

"अरे आई, यहीं तो है ना, समोर दिसतोय!"

आईवर गेलाय. त्यानं दोन्ही हातांनी चाचपलं, तसा गाळ उठला आणि पाण्याचा चहा झाला. मीच वाकले. वाकताना डावा हात सवयीनं मागे गेला आणि तसाच राहिला.

सुनेनं घाईनं दंड धरला. "आई, घसराल. चला आता." वर ऑटोवाला हॉर्न देत होता.

गाळ बसेपर्यंत मी हलले नाही. पाणी निवळलं तेव्हा पायरी दिसली, शेवाळ दिसलं.

"गेला वाहून," मुलगा म्हणाला.

तरी मी हात घातला, दिसत होतं त्याच्या खालपर्यंत. नुसता गार दगड.