लंबूताईचा पाचवा फाउल

शिट्टी वाजली की लंबूताईचा हात वर गेलेला असायचा. मग फाउल तिने केलेला असो की नसो. आमच्या वेळी बास्केटबॉलमध्ये पद्धतच होती, जिच्याकडून धक्का लागला तिने हात वर करायचा. पंच त्या हाताकडे बघून टेबलावर नंबर सांगायचा. असे पाच झाले की खेळाडू त्या सामन्यापुरती बाहेर. मी कोणावर तरी धडकायचे आणि माझ्या डोक्यावरून ताईचा लांबलचक हात वर जायचा. पंचांनाही तोच सोयीचा पडत असावा, लांबून दिसायचा ना!

"पोरी घाबरतात गं," ती म्हणायची. "एक फाउल लागला की लगेच अंग चोरून खेळतात. माझं काय, मी निगरगट्ट."

उंची पाच फूट अकरा इंच. बदलापूरला बेलवलीत आईबरोबर दोन खोल्यांत राहायची. वडील ती शाळेत असतानाच गेलेले. आई अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधांच्या पॅकिंगला. गल्लीतल्या बायका तोंडावर विचारायच्या, "हिच्या मापाचा नवरा आणायचा कुठून?" ताई म्हणायची, "नाही मिळाला तर नाही. पंखे पुसायला कामाला येईन तुमच्या." आणि खरंच दिवाळीत चार घरचे पंखे पुसून द्यायची, स्टूल न घेता.

एकदा बूट घ्यायला आम्ही उल्हासनगरला गेलो. तिच्या मापाचे लेडीज बूट कुठे मिळतच नसत. दुकानदार सिंधी काका. त्यांनी जेन्ट्स बूट काढून विचारलं, "भाई के लिए चाहिए?" ताईने चपला काढल्या, बूट चढवले आणि दुकानाच्या दारात अशी काही उडी मारली की वरची पाटी हलली. "भाई नहीं है काका, मैं ही हूं." काकांनी हात जोडले. तेव्हापासून ते तिला अदी म्हणायचे, सिंधीत ताई. मला मात्र कायम "ये छोटी".

छोटी म्हणजे पाच फूट चार. मी अंबरनाथची, कारखान्याच्या कॉलनीतली. आमचं कोर्ट कॉलनीतच होतं, सिमेंटचं, एक रिंग वाकडी. ताई सकाळी सहाला हजर. मी सव्वासहाला डोळे चोळत. "आलात? या, पायघड्या घालते," असं म्हणून ती बॉल माझ्या पोटात मारायची. हरल्यावर मी रडायला लागले की घड्याळ काढायची. "दोन मिनिटं रड. मग पन्नास फ्री थ्रो." मला शिकवलं तिने, सगळंच शिकवलं. कोच नावाचे एक गृहस्थ होते, ते खुर्चीवर बसून पेपर वाचायचे.

तर हे असे सगळ्यांचे फाउल अंगावर घेऊन ती दर दुसऱ्या सामन्यात बाहेर बसायला लागली. मग मीच चिडले. म्हटलं, "ताई, तू घे, पण मोजेन मी. चार झाले की बंद." ठरलं. स्कोअररच्या टेबलावरून फाउलची पाटी दाखवायचे, पण तिकडे ती ढुंकूनही बघायची नाही. चार झाले की मी जवळून जाताना तिच्या पाठीला चार बोटं लावायची, की मग तिचा हात फक्त स्वतःच्या चुकीला वर. चार वर्षं हे चाललं. एकदाही चुकलं नाही.

दोन हजार चार साली एका सरकारी खात्यात खेळाडूंच्या कोट्यातून जागा निघाली. मुलींच्या बास्केटबॉलसाठी एकच. आम्ही दोघींनी फॉर्म भरला. माझाही तिनेच भरला, कारण माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. निवड सामना खेळवून करणार होते. "आपल्यातच राहील नोकरी," ती म्हणाली. "तुला लागली तर मी डबा खायला येईन." तिच्या आईने, म्हणजे मावशींनी, गल्लीत सांगूनही टाकलं होतं. आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्या अख्ख्या पट्ट्यात ताईच्या तोडीचं कोणी नव्हतंच. मला हे माहीत होतं, माझ्या घरच्यांना माहीत होतं, खुर्च्या टाकून बसलेल्या साहेबांनाही पहिल्या पाच मिनिटांत कळलं असणार.

आम्ही दोघी एकाच संघात आलो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तिचा चौथा फाउल झाला. टेबलावर पाटी वर झाली. ताई केसांचं रबर बांधत होती. मी पाटी बघितली आणि तिच्या शेजारून गेले. माझा हात माझ्यापाशीच राहिला.

विसरले, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण पाटी मी बघितली होती.

दोन-तीन मिनिटांत मी एका मुलीवर जाऊन आदळले. शिट्टी. आणि माझ्या डोक्यावरून तो हात वर गेला. पंचाने तिचा नंबर सांगितला, टेबलावर पाचची पाटी लागली.

ताईने आधी टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "चार झाले होते का गं?"

"मला वाटलं तीन," मी म्हटलं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "रिंगखाली तू उभी राहा आता. आणि अंग चोरू नकोस." मग बाकावर जाऊन बसली, डोक्यावर टॉवेल घेऊन. उरलेला सामना मी असा खेळले की तसा मी पुन्हा कधी खेळले नाही.

नोकरी मला लागली. मला आनंद झाला होता. लिहिताना लाज वाटते, पण झाला होता.

पहिल्या दिवशी ती आमच्या घरी नवा स्टीलचा डबा घेऊन आली. "साहेबीणबाई, पहिला पगार झाला की वडापाव." एवढंच. पुढे हेंद्रेपाड्यातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागली, दर जूनला नवी ऑर्डर, तीही मिळाली तर. दिवाळीला फोन करायची, "काय मॅडम, पंखा चालू आहे ना ऑफिसचा?" मी हसायचे. दरवेळी वाटायचं, आता सांगू. मग ती आईचं, शाळेतल्या पोरींचं काहीतरी बोलायची आणि फोन संपायचा. मी खात्याकडून चार वर्षं खेळले. दुसऱ्या कोणाच्या फाउलला मी कधी हात वर केला नाही.

दोन हजार नऊमध्ये तिला कावीळ झाली. वांगणीहून कोणीतरी झाडपाल्याचं औषध आणून दिलं, त्यात आठवडा गेला. मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं की नाही यात आणखी काही दिवस गेले. मग गेलीच. तेहतीस वर्षांची होती. मला ऑफिसात फोन आला. मी हातातली फाइल पूर्ण केली, सही करून साहेबांकडे पाठवली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली. रडू आलं नाही. ताईला उचललं तेव्हाही आलं नाही. पाय लांब होते, तिरडी कमी पडत होती, एवढंच मी बघत राहिले.

पुण्यानुमोदनाला बेलवलीच्या त्याच खोलीत बसलो होतो. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली तिचा फोटो, शाळेच्या ओळखपत्रावरचा मोठा केलेला. वंदना झाली, चहा फिरला. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारच्या बाईला सांगत होत्या, पण ऐकत सगळेच होते.

"राग नडला गं माझ्या पोरीला. तीच म्हणाली मला, आई, रागाच्या भरात त्या पोरीला ढकललं, म्हणून बाहेर काढलं. नाहीतर सरकारी नोकरी होती तिच्या हातात. दवाखान्याचं कार्ड असतं, पहिल्या दिवशीच भरती केली असती." मग माझ्याकडे वळल्या. "तू होतीस ना तिथं? एवढा कसला राग आला होता गं तिला?"

मी ताईला रागावलेलं कधीच बघितलं नव्हतं.

"आता आठवत नाही मावशी," मी म्हणाले.

पांढऱ्या सदऱ्यातले एक काका कार्यक्रम चालवत होते. ते म्हणाले, "ज्यांना दोन शब्द बोलायचेत त्यांनी हात वर करा." कोपऱ्यात बसलेल्या शाळेतल्या दोन मुलींनी लगेच हात वर केले. मावशी माझ्याकडे बघत होत्या. माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी दोन्ही हातांनी धरून ठेवला.