साळूबाईची गलोल

हसनाबादच्या अलीकडे ओढ्याकाठी एक वाडी आहे. तिथल्या शेवटच्या घरात साळूबाई राहते. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगानं काटकुळी आणि जिभेनं तिखट. माहेरी लहानपणीचे सगळे हिवाळे तिनं माळ्यावर उभं राहून गोफणीनं ज्वारीतली पाखरं हाकलण्यात घालवले. नेम असा बसला की उडता पोपट माघारी फिरावा. पण हाकलता हाकलता तिच्या मनात यायचं, सगळ्यांनीच हाकललं तर यांनी खायचं तरी कुठं?

सासरी आल्यावर तिनं त्याचं उत्तर स्वतःच दिलं. ज्वारी निघाली की टपोरी कणसं निवडायची, जुड्या बांधायच्या आणि ओसरीच्या आढ्याला टांगायच्या. रोज सकाळी अंगणाच्या भिंतीवर भाकरीचा कुस्करा टाकायचा. कणसं चिमण्यांची, कुस्करा कावळ्यांचा. सासूनं नाक मुरडलं, जावांनी टोमणे मारले, नवऱ्यानं, वसंतानं, "माणसाला तिसरी भाकर वाढताना हिचा हात आखडतो," म्हणून सांगून पाहिलं. साळूबाईनं कुणाचं ऐकलं नाही. उभ्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट तिनं तिच्या मनासारखी केली होती, आणि आढ्यातल्या चिमण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथंच घरटी केली.

अडचण होती ती वानरांची. उन्हाळ्यात डोंगराकडचं पाणी आटलं की टोळी वाडीत उतरायची. कणसं खायची थोडी आणि उधळायची फार. जुडी ओढताना चिमण्यांची घरटीही खाली यायची, आणि वर ती टोळी पत्र्यांवर नाचून घराचा खुळखुळा करायची. वाडीत वानराला दगड मारायची सोय नव्हती. ताटातली भाकर नेली तरी लोक मारुतीनं नेली म्हणून हात जोडत. साळूबाईनं मग गुपचूप एक गलोल केली. बाभळीचं बेचकं, सायकलच्या ट्यूबचं रबर. दाराआडच्या खुंटीला ती अडकवलेली असायची आणि दाराच्या फटीतून खडा सुटायचा. वसंताला तेवढं माहीत होतं. बाकी वाडी म्हणायची, वानरं या बाईच्या अंगणात कशी काय फार टिकत नाहीत देव जाणे.

चैत्रातल्या एका सकाळी टोळीचा म्होरक्या, दांडगा हुप्प्या, आढ्याला हात घालून बसला होता. घरट्यात पिल्लं होती. साळूबाईनं खडा सोडला, तो त्याच्या मांडीवर बसला. हुप्प्या दचकून पत्र्यावर गेला आणि तिथून त्यानं थेट रस्त्याकडच्या विजेच्या डीपीवर उडी घेतली. मोठा आवाज झाला, वाडीची लाईट गेली आणि तो तिच्या अंगणात येऊन पडला, तो पुन्हा हलला नाही.

बघता बघता अंगण भरलं. भजनी मंडळाचा म्होरक्या कारभारी, वसंताचा चुलतभाऊ, पुढं आला. त्यानं डोक्याची टोपी काढली आणि विचारलं, "वैनी, हा रोज येत होता का तुमच्याकडं?"

साळूबाईच्या पदराआड गलोल होती. रबर अजून हाताला गरम लागत होतं. तिनं पदर आणखी ओढून घेतला.

"येत होता की," ती म्हणाली. "माझीच कणसं खायचा." इथवर खोटं काहीच नव्हतं. पण समोरची माणसं तिच्याकडंच बघत राहिली, आणि भीतीनं तिच्या तोंडून पुढचंही निघून गेलं. "लेकरावाणी होता."

कारभाऱ्याचे डोळे भरून आले.

मग वाडीनं रीतीप्रमाणे सगळं केलं. तिरडी बांधली, गुलाल उधळला, टाळ-मृदंगात हुप्प्याला ओढ्यावर नेला. तिरडीपुढं पाण्याची कळशी घेऊन वसंता चालला, कारण तो लेकराच्या बापाच्या जागी होता. दहाव्याला त्यानं डोकं भादरलं आणि उमेदीनं वाढवलेल्या मिशाही काढल्या. इतका मान त्याला लग्नातसुद्धा मिळाला नव्हता.

दहाव्याला खरा घोटाळा झाला. ओढ्यावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. ऊन चढलं, माणसं पाण्यात पाय सोडून ताटकळली, पण आभाळात कावळ्याचं पीस दिसेना. साळूबाईला कारण पक्कं ठाऊक होतं. वाडीतले सगळे कावळे त्या वेळी तिच्या भिंतीवर बसून कुस्कऱ्याची वाट बघत होते. ते बोलून दाखवलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण लेकरू गेलेली बाई दहाव्याला कावळ्यांच्या न्याहारीबद्दल कशी बोलणार? ती खाली मान घालून बसली.

"त्याचा जीव अडकलाय," कारभारी म्हणाला. "वैनीच्या अंगणात अडकलाय. पिंड तिकडं घेऊन चला."

पिंड भिंतीवर ठेवला मात्र, उपाशी कावळ्यांची झुंबडच उडाली. सगळ्या वाडीच्या अंगावर काटा आला. कुणी तिथंच लोटांगण घातलं. हुप्प्याला इथंच राहायचंय, हे आता कुणी सांगायची गरज उरली नव्हती. आठवडाभरात साळूबाईच्या अंगणात, बरोबर कणसांच्या समोर, सिमेंटचा ओटा उठला. त्यावर शेंदूर फासलेला दगड बसला आणि भगवा झेंडा लागला. तिला कुणी विचारलं नाही. हरकत असेल असं कुणाच्या मनातच आलं नाही.

त्या दिवसापासून साळूबाईचं अंगण साळूबाईचं राहिलं नाही. दर शनिवारी माणसं केळी, फुटाणे, शेंगा घेऊन येऊ लागली. वानरांना बातमी लागायला कितीसा वेळ लागतो? एका टोळीच्या दोन झाल्या. ओसरीवर, पत्र्यावर, न्हाणीच्या भिंतीवर वानरंच वानरं. डाळ वाळत घालायची सोय राहिली नाही. आंघोळीला गेलं की वरून चार तोंडं डोकावायची. कणसं दिवसभरही टिकेनात आणि आढ्यातली घरटी एकेक करून खाली आली. एके सकाळी तिनं अंड्यांची फुटकी टरफलं सुपलीत भरली आणि ती चुलीपाशी जाऊन रडली. चिमण्या गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत.

गलोल खुंटीलाच होती. हात तिकडं जायचा, पण ओट्यापाशी कुणी ना कुणी हात जोडून उभं असायचंच. रात्रीसुद्धा भजन. वसंता ओट्याशेजारी सतरंजी टाकून बसायचा, नारळ फोडायचा, अंगारा लावायचा आणि लेकराच्या आठवणी सांगायचा. त्या आठवणी ऐकून साळूबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"आहो, तुम्ही कवा बघितलं मला त्याला हातानं भरवताना?" तिनं एकदा विचारलं.

"तूच सांगितलं न्हाई का, लेकरावाणी होता म्हणून," वसंता म्हणाला. "मंग आता मी सांगून राह्यलो त्यात काय वाईट?"

ती उठून आत गेली.

आषाढात सुरेखा आली. अंकुशनगरला दिलेली त्यांची एकुलती लेक, पहिलटकरीण, सातवा लागलेला. बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलेलं होतं. साळूबाईनं खोली सारवून बाज टाकून ठेवली होती, डिंक-खारीक आणून ठेवली होती. जावयानं गाडी दारात उभी केली. सुरेखा पोट सांभाळत उतरली, तोच एका वानरानं तिच्या हातातली पिशवी हिसकली. ती ओढली गेली, भिंतीला धरून कशीबशी सावरली. दुसरं वानर दात विचकून तिच्यासमोर उभं राहिलं. साळूबाई आतून धावत आली आणि रिकाम्या हातानंच ओरडत राहिली, कारण ओट्यापाशी पाचसहा माणसं होती आणि ती सगळी सुरेखाच्या नशिबाचं कौतुक करत होती. म्हणे, मारुतीनं लेकीची पिशवी घेतली, मुलगाच होणार.

जावई चहालासुद्धा थांबला नाही. "आई, राग मानू नका," तो गाडीत बसून म्हणाला. "पण या घरात लेकरू कसं ठेवायचं? हे हटलं की फोन करा, आणून सोडतो."

सुरेखा काचेतून बघत राहिली. ती गाडी नजरेआड झाली तेव्हा साळूबाईनं ठरवलं की आता खरं ते बोलायचं, मग वाडीनं वाळीत टाकलं तरी चालेल. वाळीत टाकलं तर बरंच, निदान अंगण तरी रिकामं होईल.

शनिवारी आरती संपली तशी ती आतून गलोल घेऊन आली आणि ओट्यापुढं उभी राहिली. वसंतानं डोळ्यांनी खुणावून पाहिलं. तिनं तिकडं बघितलंच नाही.

"ऐका," ती म्हणाली. "मी ह्या हुप्प्याला कधी भरवलं न्हाई. ह्याच गलोलीनं मी त्याला मारत होते, दाराआडून. त्या दिवशी बी मीच मारला. माझा खडा बसला म्हणून तो डीपीवर गेल्ता. अन् कावळे माझ्या भाकरीला आल्ते, पिंडाला न्हाई. माझी लेक दारातून माघारी गेली. हा ओटा इथून काढा."

तिला वाटलं, आता शिव्या येतील, दगड येतील. तिनं पदर घट्ट धरला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला मोकळा श्वास आला.

कारभारी हळूहळू पुढं आला. त्यानं तिच्या हातातली गलोल दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली.

"माय न्हाई का लेकराला धपाटा घालत?" तो लोकांकडं वळून म्हणाला. मग तो तिच्याकडं फिरला. "तुमच्याच हातून त्याला मुक्ती मिळायची होती, वैनी. कवापासून हे एकट्या मनात ठेवून राह्यल्या तुम्ही."

बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. एक म्हातारी पुढं येऊन साळूबाईच्या पाया पडली. साळूबाई म्हणाली, "तसं न्हाई, तसं न्हाई माय." पण तोवर पुन्हा टाळ सुरू झाले होते. वसंतानं शेंदराची वाटी आणली. गलोलीच्या बेचक्याला शेंदूर लागला, रबराला हार पडला आणि ती दगडाच्या उजव्या हाताला उभी राहिली. आता शनिवारी लांबलांबच्या वाड्यांतून माणसं येतात, आधी दगडाला आणि मग गलोलीला हात जोडतात. ओटा वाढवायचं चाललंय.

सुरेखाचं बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली. पहिल्या अंघोळीला साळूबाई नव्हती आणि बारशालाही नव्हती, कारण देवाची आई दोन दिवस बाहेर राहिली तर कसं व्हायचं, यावर मंडळात चर्चा झाली. फोनवर तिनं नातीचं रडणं ऐकलं.

यंदा नवी ज्वारी निघाली तेव्हा तिनं सवयीनं एक जुडी बांधली आणि ओसरीला टांगली. दारात बसून वाट बघितली. चिमणी आली नाही. एक वानर सावकाश उतरलं, जुडी मांडीवर घेऊन दाणे सोलत बसलं. साळूबाईचा हात दाराआड गेला आणि रिकाम्या खुंटीवर जाऊन थांबला. बाहेरून कुणीतरी हाक मारली, "माय, दर्शनाला आलोत." तिनं हात काढून घेतला, पदर डोक्यावर घेतला आणि ती बाहेर गेली.