वगळलेला अकरावा खंड

एका जपानी चित्रकथेचे बावीस खंड माझ्या कपाटात आहेत. ते तिघांनी मिळून चार वर्षांत जमवलेत, त्यामुळे मी त्यांना ‘माझे’ म्हणत नाही. तिघं म्हणजे मी, कॉलेजातली माझी, जवळच्याच थळ गावची मैत्रीण आणि अलिबागला एसटी स्टँडमागे मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा दादा. तो नात्यातला नाही, आमच्याहून सहा वर्षांनी मोठा, म्हणून दादा. रविवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढून तो काउंटरमागे तीन स्टुलं मांडतो आणि आमचं पारायण सुरू होतं. हा शब्द त्याचाच. मी सांगतेय ती गोष्ट घडली तेव्हा आमचं तिसरं पारायण चालू होतं.

कथा भयंकर आहे. समुद्राकाठच्या एका गावात बुडालेली माणसं भुकेली होऊन परत येतात. रोज तिन्हीसांजेला एक मुलगी गावभर फिरून सगळ्यांची दारं लागली आहेत ना ते बघते आणि सगळ्यात शेवटी स्वतःच्या घरात शिरते. अकराव्या खंडात तिचा बुडालेला बाप दारात येऊन तिला हाक मारतो. ती दार उघडत नाही.

पुस्तकं इंग्रजीत आहेत, पण आम्ही ती मराठीत वाचतो. पात्रं वाटून घ्यायची आणि समोरचं इंग्रजी बघत आपल्या बोलीत बोलायचं. ही पद्धत मैत्रिणीने पाडली. “इंग्रजीत भूत आलं तर मला भीतीच वाटत नाही,” असं तिचं म्हणणं. तिची भुतं थळच्या बंदरावरच्या बायकांसारखी बोलतात आणि खरोखर भीती वाटते. मी इंग्रजी शाळेतली. वाचायला मला काहीच अडत नाही, पण मोठ्याने मराठी बोलायची वेळ आली की जीभ जड होते. “बँकेतली बाई बोलतेय बघ, पुढच्या खिडकीवर जा म्हणून,” ती दादाला म्हणायची. मला राग यायचा नाही. माझ्या जड जिभेची कुणी इतकी साधी चेष्टा केली की मला उलट मोकळं वाटतं.

दहावा खंड संपत आला होता तेव्हा तिचे वडील गेले. मासेमारी करायचे, पण गेले ते होडीवर नाही, हॉस्पिटलात. छातीत दुखतंय म्हणून नेलं आणि दोन दिवसांत संपलं. मी आणि दादा तिच्या घरी जाऊन आलो. ओटीवर बायका बसल्या होत्या, आम्ही दहा मिनिटं बसलो.

दीड महिन्याने तिचा मेसेज आला, रविवारी येते म्हणून. मी लगेच दादाला फोन केला.

“पुढे अकरावा आहे,” तो म्हणाला.

“माहितीये.”

“वगळू या. कुणाला तरी वाचायला दिलाय म्हणून सांग.”

मला ते पटलं. तिला जपण्यासाठी मला करता येण्यासारखं हे एकच होतं आणि त्यात फारसं बोलायचंही नव्हतं.

रविवारी आम्ही दहाव्यातली उरलेली पानं वाचली. मग मी पिशवीतून बारावा काढला. तिने पुठ्ठ्यावरचा आकडा बघितला.

“अकरा कुठाय?”

“माणगावला. मामेभावाला दिलाय.”

“तू पुस्तक दिलंस? मला न्यायचं असेल तर हात धुवायला लावतेस.”

दादा शटरकडे बघत बसला. बाराव्यातली भुतं तिने त्या दिवशी सरळ पुस्तकी मराठीत वाचली आणि चहा यायच्या आधीच निघाली. पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. माझ्या मेसेजखाली निळ्या खुणा यायच्या, उत्तर यायचं नाही.

तिसऱ्या रविवारी आम्ही दोघंच बसलो होतो. दादा एका फोनची काच काढत होता. मान वर न करता म्हणाला, “आपण तिच्यापासून लपवलं तरी काय? तिने तो दोनदा वाचलाय. तिला तो पाठ आहे.”

ऐकून मला कानकोंडं झालं. इतकी साधी गोष्ट आम्हा दोघांनाही सुचली नव्हती. दोनदा वाचून झालेल्या माणसापासून आम्ही पुस्तकातलं मरण लपवत होतो, तेही तिच्या घरात ते घडून गेल्यावर.

मी घरी जाऊन अकरावा खंड घेतला आणि सहा आसनी रिक्षात बसून थळला गेले. वाटेत चार वाक्यं तयार केली. मराठीतच केली, पण तिच्या दारात पोचल्यावर एकही आठवलं नाही. ती ओटीवर सुकी मासळी निवडत होती. मी पुस्तक पुढे केलं.

“आला का माणगावहून?” तिने विचारलं.

“गेलाच नव्हता.”

“माहितीये.” तिने पुस्तकाला हात लावला नाही. “मी त्या दिवशी कशाला आले होते, माहितीये का तुला? अकराव्यासाठी. घरी सगळे सांगतात, त्यातून बाहेर ये, दुसरं काहीतरी बघ. मला वाटलं, तुमच्याकडे तरी ते वाचता येईल. एकटीने उघडायला धीर होत नाही. आणि तुम्ही दोघं तसलेच.”

“चुकलं माझं,” मी म्हणाले. आणखी बोलायला हवं होतं. “मला वाटलं तुला त्रास होईल. आणि मी तुला विचारलंच नाही, कारण विचारायलाच मला भीती वाटली.”

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग टोपली बाजूला सारून नळावर गेली, साबण लावून हात धुतले आणि पुसत आली. “हं, धुतले.”

आम्ही तिथेच ओटीवर बसून वाचलं. बापाची हाक आली तेव्हा ती थांबली, म्हणून तो बाप मी वाचला, जसा जमला तसा. या वेळी तिने ‘बँकेतली बाई’ म्हणून चिडवलं नाही. हाक थांबल्यानंतरची सहा पानं शब्दांशिवाय आहेत. मुलगी चूल पेटवते, भात करते, वाढते. एवढ्यात तिची आई आतून येऊन आमच्यामागे उभी राहिली. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण या पानांवर वाचायला काही नव्हतंच.

“ही कोन?” आईने विचारलं.

“हिचा बाप गेलाय,” मैत्रीण म्हणाली.

आई वाकून चित्र बघत राहिली. मग बोट टेकवून म्हणाली, “एकटीच हाय ना? मग भात केवढा केलान बघ.”

मी ते चित्र कितीतरी वेळा पाहिलं होतं. टोप भरलेला आहे हे मला कधी दिसलंच नव्हतं.

“आमचा बी अजून अंदाज चुकतो,” आई म्हणाली. “रोज उरतो.”

मैत्रिणीचे डोळे भरले, पण तिने पान सोडलं नाही. आई तिच्याजवळ टेकली. “पुढं काय करते ही?” तिने विचारलं, आणि मैत्रीण तिला पहिल्यापासून सांगायला लागली, दारं कशी लावायची, भुतं कुठून यायची, सगळं. भुतांचे आवाज तिने तिच्याच बोलीत काढले. आई मध्येच “व्हय का?” म्हणत होती.

निघताना पुस्तक मी तिथेच ठेवलं.

“पुढच्या वेळी मला विचारायचं,” ती म्हणाली.

मी हो म्हटलं. रविवारी येशील का, हेही मी तेव्हाच विचारलं. ती म्हणाली, अजून सांगता येत नाही, आधी आईला वाचून दाखवून होऊ दे.