पाठमोरं बोलणं

कापड गिरणीत तिला सगळे ‘रेडिओ’ म्हणत. विणाईखात्याच्या या टोकाला काही घडलं की त्या टोकाच्या बायांना ते हिच्याकडून आधी कळायचं, म्हणून हे नाव. मागांच्या त्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. मग बातमी जायची कशी? तर ओठांवरून. गिरणीतल्या सगळ्याच बाया आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायच्या आणि एकमेकींचे ओठ वाचायच्या. रेडिओ त्यात सगळ्यांच्या वरताण. मुकादमानं लांब उभं राहून कुणाला शिवी हासडली की ही इकडे खुदकन हसलेली असायची.

गंमत अशी, की या रेडिओला स्वतःलाच ऐकू येत नव्हतं. मागांनी तिचे कान हळूहळू खाल्ले होते. भांडं पडलं, दार आपटलं तर कळायचं. माणसाचं बोलणं मात्र भिंतीपलीकडून आल्यासारखं, नुसती गुणगुण. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. ऐकू न येणाऱ्या बाईला मागावरून काढून झाडलोटीला लावत, कारण धोक्याचा भोंगा वाजला तर तिला कळणार कसा? मुलगी पाळण्यात असतानाच नवरा वारलेला, त्यामुळे हातातलं काम सोडून चालणार नव्हतं. मुलीला सांगावं, तर पोरीच्या तोंडात तीळ भिजत नव्हता आणि मुकादमाचं घर दोन दारं सोडून होतं. तेव्हा घरात एकच नियम होता: माझ्याशी बोलायचं तर माझ्या तोंडाकडे बघून बोलायचं. आणि समोरच्याचे ओठ दिसले नाहीत, तर तिच्याकडे एक हुकमी शब्द होता. “बरं.” तुम्हीही करून बघा, नुसत्या ‘बरं’वर माणसाचे दिवसच्या दिवस निघतात.

मुलीला ती मैना म्हणायची, कारण पोर लहानपणापासून नकला करण्यात पटाईत. शाळा सुटली की मैना किल्लीनं दार उघडायची आणि आई गिरणीतून येईपर्यंत घरात एकटी असायची. त्या एकटेपणावर तोड म्हणून आईनंच टीव्ही आणला. घरात माणसाचा आवाज तरी राहील, असा तिचा भाबडा हिशोब. पोर त्या आवाजात वाढली, जेवली, अभ्यासाला बसली आणि तिथूनच बरंच काही शिकलीही. भुवई उंचावून बघणं शिकली. उत्तर देण्याआधी थांबणं शिकली. मन दुखावलं की ताट बाजूला सारायचं, हेही शिकली. आईला वाटायचं, वय आहे, जाईल.

संध्याकाळी दोघी मिळून मालिका बघत. आईलाही ती आवडायची, कारण टीव्हीवरची माणसं बोलताना तोंड लपवत नाहीत. एकमेकांवर चिडली तरी समोरासमोर भांडत नाहीत. एक जण दुसऱ्याकडे पाठ फिरवतो, चार पावलं पुढे येतो आणि तोंड आपल्याकडे करून मनातलं सगळं सांगतो. मागचा बिचारा पाठीकडे बघत ऐकत राहतो. आईला तर ही सोयच वाटायची; एक शब्द चुकायचा नाही.

चौदावं लागलं आणि मैनाही तशीच बोलायला लागली. काही मनाला लागलं की उठायची, आईकडे पाठ करून खिडकीशी जायची आणि बाहेर बघत बोलायची. तिच्या लेखी हेच खरं बोलणं होतं, समोर बसून बोलायचं ते फक्त मीठ दे, पाणी दे. आईला दिसायची एक वेणी आणि वरखाली होणारे खांदे. “अगं, इकडे बघून बोल,” असं ती सुरुवातीला म्हणायची. पण त्यावर मैना असा काही सुस्कारा टाकायची की आई गप्प बसायची. मग खांदे खाली आले की वाक्य संपलं असं समजून ती म्हणायची, “बरं.”

आता विचार करा, मुलीनं काळीज उघडं करावं आणि मागून यावं ‘बरं’.

मालिकेतली मुलगी घर सोडून निघाली, त्या दिवशी दोघीही रडल्या. त्या मुलीची आई अनवाणी फाटकापर्यंत धावली, आडवी आली, तेव्हा कुठे मुलगी थांबली. मैना बराच वेळ डोळे पुसत होती. मग तिनं आईकडे असं काही पाहिलं की आईला उगाच आपलंच काही चुकल्यासारखं झालं.

पुढच्याच रविवारी मैना सुट्टीसाठी आत्याकडे निघाली. आत्या शेजारच्या गावात राहायची. तिला मूलबाळ नव्हतं आणि भाचीवर फार जीव. हे जाणं आधीच ठरलेलं होतं. टीव्ही चालू होता. बॅग दाराशी ठेवून मैनानं रिमोट उचलला, काहीतरी दाबलं, पण चित्र तेच राहिलं. मग ती खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. आई भाजी चिरत होती. आज खांदे नेहमीपेक्षा जास्त वेळ हलले. टीव्हीतल्यासारखी निरोपाची वाक्यं म्हणत असेल, असं समजून आई कौतुकानं बघत राहिली. खांदे थांबले.

“बरं,” आई म्हणाली. “स्वेटर घे हं, तिकडे गारठा असतो.”

मैना वळली. चेहरा पांढराफटक, ओठ मिटलेले. दारात जाऊन ती थांबली, बराच वेळ.

“काय गं, काही राहिलं का?”

मैना निघून गेली. आईनं वरून, खिडकीतून हात हलवला, पण तिनं वळून पाहिलं नाही.

सुट्टी संपली तरी मैना आली नाही. आली आत्या, शाळेचा दाखला न्यायला. ती समोर बसली, त्यामुळे तिचा शब्द न् शब्द कळला.

“वहिनी, तुम्ही असं करायला नको होतं. पोरीनं सरळ विचारलं तुम्हाला, मी कायमची गेले तर तुला चालेल का? एकदा नाही म्हण, मी जात नाही. आणि तुम्ही म्हणालात, बरं. वर म्हणे, स्वेटर घे!”

मला ऐकूच आलं नव्हतं, हे शब्द अगदी आईच्या ओठांवर आले. पण इतकी वर्षं दडवलेली गोष्ट अशी एका दमात बाहेर पडत नाही. “तिचे कपडे राहिलेत,” एवढंच ती म्हणाली. “एकदा तिलाच पाठवा. तोवर दाखला राहू दे.”

मग ते आठवडे. गिरणीत रेडिओ बंद पडला, असं बाया म्हणायला लागल्या. संध्याकाळी घरी आलं की ती टीव्हीचं बटण दाबायची आणि समोर बसायची. रिमोट मैनानं ठेवला होता तिथेच पडून होता. घरात तिच्याकडे तोंड करून बोलणारी माणसं आता तेवढीच उरली होती. ती त्यांना उत्तरं द्यायची, रागवायची, एकदा तर जेवलीस का म्हणून विचारलं तिनं नायिकेला. आणि विचारल्यावर तिला इतकं भरून आलं की स्वतःचं ताट तसंच राहिलं.

मैना आली ती एका रविवारी दुपारी, न कळवता. किल्लीनं दार उघडून आत आली, दारातून तीनदा हाक मारली. हे आईला पुढे कळलं. तेव्हा ती शेंगा सोलत मालिका बघत होती, आणि पडद्यावर कुणीतरी काही बोललं म्हणून हसतही होती. अचानक पडद्यापुढे कुणीतरी आडवं आलं.

“बाजूला हो गं!” असं आई म्हणून गेली, आणि मग तिच्या लक्षात आलं, कोण ते. शेंगा जमिनीवर सांडल्या.

मैनाच्या हातात रिमोट होता. तिचे ओठ हलले. “टीव्हीला आवाजच नाहीये.”

“नाहीये?” आई म्हणाली.

मैनानं पडद्यावरच्या मुक्या माणसांकडे पाहिलं, मग आईकडे. मग पार खाली बसली, आईच्या अगदी समोर. “मीच बंद केला होता. त्या दिवशी. माझं बोलणं तुला नीट ऐकू यावं म्हणून.”

आईनं मान खाली घातली. मैनानं तिची हनुवटी धरून वर उचलली आणि बोलायला लागली, भराभरा, रडत. गिरणीतल्या सगळ्यांत तरबेज बाईलाही रडणाऱ्या माणसाचे ओठ वाचता येत नाहीत. ते थरथरतात, शब्द फुटून जातात. आईला एकही शब्द लागेना. जिभेवर तो जुना शब्द आला होता. तिनं तो गिळला.

“मला ऐकू येत नाही, मैना,” ती म्हणाली. “काही कळलं नाही मला. परत सांग.”